कापड आटतं, स्नायू आखडतो: ‘श्रिंक’चे अरबी पर्याय

या वेळी एकाच इंग्रजी क्रियापदाभोवती इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवावी लागली. क्रियापद आहे ‘श्रिंक’, म्हणजे आकाराने लहान होणं. खालचे अरबी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ‘क़’ हा घशातला क़ाफ, ‘क’ हा साधा काफ. ‘द़’ म्हणजे अरबीतलं ‘द़ाद’ हे अक्षर, जीभ टाळ्याला टेकवून काढलेला जाड द. हाच द़ फारसीतून आपल्याकडे येताना ज झाला. आपले अर्ज, कर्ज, हजर, काजी आणि जईफ हे मूळचे द़ादचेच. म्हणून आपल्या ‘कब्जा’चा नातलग अरबीत ‘क़ब्द़’ असा दिसला तर दचकू नये.

प्रश्न: कोशात ‘श्रिंक’समोर इन्कमश, तक़ल्लस, तद़ाअल, इन्क़बद़, द़मर, इन्हसर, अह्जम असे शब्द ओळीने दिले आहेत. यातला कोणताही उचलला तर चालेल का?

उत्तर: नाही. इंग्रजीत एकच क्रियापद असलं तरी त्याच्या पोटात वेगवेगळ्या क्रिया आहेत. सोपा उपाय असा की इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणायचं. मराठीत आपण या सगळ्याला एकच शब्द वापरत नाही. कापड आटतं, लाकूड आकसतं, स्नायू आखडतो, पूर ओसरतो, गर्दी रोडावते, हात-पाय वाळतात आणि भित्रा माणूस कच खातो. यातलं कोणतं क्रियापद तोंडात आलं ते पाहिलं की अरबीतली निम्मी निवड झाली.

कापड, लाकूड, काँक्रीट, प्लास्टिक यांच्यासाठी ‘इन्कमश’. वस्तू चारी बाजूंनी स्वतःत गोळा होते, हे त्यातलं चित्र. ‘तक़ल्लस’मध्ये कड मागे खेचली जाते. जुन्या अरबीत हे मूळ सावली आखडण्यासाठी आणि दातांवरून ओठ मागे सरण्यासाठी येतं. आज ते स्नायू, क्षेत्रफळ, अंतर, खर्च, कर्मचाऱ्यांची संख्या अशा सगळ्यांना लागतं. ‘तद़ाअल’ हा रोडावण्याचा शब्द: आशा, शक्यता, उजेड, पाठिंबा. संधी कमी होत गेल्या असं म्हणायचं तर ‘तद़ाअलत अल्-फ़ुरस’. त्याच क्रियापदापुढे ‘अमाम’ म्हणजे ‘समोर’ हा शब्द आला की अर्थ होतो एखाद्यापुढे फिकं पडणं. शर्टाला ‘तद़ाअल’ लावलं तर अरबी वाचकाला शर्ट हळूहळू नाहीसा होतोय असं वाटेल.

‘इन्हसर’ पाण्याचा. पूर, भरती, समुद्राची कड मागे हटली की तो येतो. त्यावरूनच हिरड्या मागे सरण्याला अरबी दंतवैद्यकात ‘इन्हिसार अल्-लिसा’ म्हणतात. इंग्रजी लेखक तिथे ‘श्रिंक’ लिहितो म्हणून ‘इन्किमाश’ (‘इन्कमश’चं नाम, म्हणजे आटणं) वापरायचा मोह होईल, तो टाळा.

प्रश्न: ‘गरम पाण्याने माझा शर्ट आटवला’ या वाक्याचं अरबी करताना ‘इन्कमश’ला कर्म जोडलं आणि तपासणाऱ्याने लाल रेघ मारली. चूक काय?

उत्तर: रेघ बरोबर आहे. इंग्रजी ‘श्रिंक’ दोन्ही बाजूंनी चालतं, शर्ट श्रिंक होतो आणि पाणी शर्टाला श्रिंक करतं. मराठीत आटणं आणि आटवणं असा फरक क्रियापदातच दिसतो. अरबीतही तसाच दिसतो, पण ज्या ठिकाणी शोधायचा ते ठिकाण वेगळं. अरबीत मूळ अक्षरांत ठराविक भर घालून नवी क्रियापदं बनतात, या ठराविक घडणींना क्रमांक दिलेले साचे म्हणतात. ‘इन्कमश’च्या सुरुवातीचा ‘इन्’ सातव्या साच्याचा आहे, आणि या साच्यातलं क्रियापद कर्म घेत नाही. ‘आपसूक झालं’ एवढंच ते सांगतं.

कर्ता दाखवायचा असेल तर दोन वाटा आहेत. पैसे, अंतर, वेळ, संख्या यांच्याबाबत दुसऱ्या साच्यातलं ‘क़ल्लस’ वापरा. मधलं व्यंजन दुप्पट झालं की क्रियापद सकर्मक होतं. कंपनीने खर्च कमी केला, हे ‘क़ल्लसत अश्-शरिका अन्-नफ़क़ात’. कापडाबाबत मात्र अरबी लेखक सहसा नामाचा आधार घेतो: ‘अल्-मा अस्-साख़िन युसब्बिब इन्किमाश अल्-क़ुमाश’, म्हणजे गरम पाणी कापडाच्या आटण्याला कारण होतं. मराठीत हे वाक्य अवघडल्यासारखं वाटतं, अरबीत ते अगदी सरळ आहे.

तुमचं वाक्य कपड्यांच्या माहितीपत्रकातलं असेल तर अनुवादाआधी एक भेद समजून घ्या. सुती कापड विणताना आणि त्यावर प्रक्रिया करताना ताणलेलं असतं. पाणी, उष्णता आणि घुसळण मिळाली की तो ताण सुटतो आणि धागा मूळ लांबीकडे परत येतो. याला ‘इन्किमाश’ पुरेसा आहे. लोकरीचं प्रकरण निराळं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल्या, गरम लोकरीला चोळलं की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू एकाच दिशेने सरकत जातात आणि स्वेटरचा नमदा होतो. अरबीत या गुंतण्याला ‘तलब्बुद’ म्हणतात. सुती कापडातला ताण सुटला की कापड बहुतेक तिथेच थांबतं. नमदा झालेली लोकर मात्र ओढूनताणून पूर्ववत होत नाही. दोन्हींना एकच शब्द लावला तर ‘धुऊन झाल्यावर ओलं असतानाच हलकेच ताणा’ ही सूचना चुकीच्या कपड्यावर जाऊन बसेल.

लेबलावर ‘आटत नाही’ हे ‘ग़ैर क़ाबिल लिल्-इन्किमाश’ आणि ‘सहसा आटत नाही’ हे ‘मुक़ाविम लिल्-इन्किमाश’. दुसऱ्यात फक्त प्रतिकाराचं आश्वासन आहे. उत्पादकाने एक लिहिलं असेल तर अनुवादकाने दुसरं लिहू नये. बोलीतलं संभाषण असेल तर इजिप्तमध्ये शर्ट ‘कश्श’ होतो. घरगुती संवादात तिथल्या पात्राच्या तोंडी ‘इन्कमश’ घातलं तर ते बातम्या वाचल्यासारखं बोलतंय असं वाटेल.

प्रश्न: हे शब्द अरबी कोशात सापडतच नाहीत. ‘इ’खाली शोधलं, ‘त’खाली शोधलं.

उत्तर: तुमचा कोश शब्दांच्या मुळांवर, म्हणजे प्रत्येक शब्दाच्या गाभ्यातल्या तीन अक्षरांवर लावलेला असणार. तिथे शब्दाचं पहिलं अक्षर उपयोगाचं नाही, आधी वाढीव अक्षरं काढून टाकावी लागतात. ‘इन्कमश’मधून ‘इन्’ काढा, उरतात काफ, मीम, शीन. म्हणून काफखाली पाहा. ‘तक़ल्लस’मधला ‘त’ काढा आणि दुहेरी ल एकेरी धरा: क़ाफ, लाम, साद. ‘तद़ाअल’मधला ‘त’ आणि लांब ‘आ’ काढल्यावर द़ाद, हम्ज़ा, लाम राहतात. मधला हम्ज़ा सुटला तर दुसऱ्याच मुळावर जाल.

खरा सापळा ‘इन्तक़स’ या शब्दात आहे. कमी करणं, कमी लेखणं असा त्याचा अर्थ. सुरुवातीला ‘इन्’ दिसतो म्हणून सवयीने काढाल आणि त, क़, स शोधत बसाल. इथला ‘न’ मुळातला आहे आणि वाढीव आहे तो ‘त’. मूळ नून, क़ाफ, साद. यातूनच ‘नुक़्सान’ आला, जो आपण रोज नुकसान म्हणून वापरतो. नियम असा धरा: ‘इन्’नंतर लगेच ‘त’ आला तर आधी आठवा साचा गृहीत धरून न मुळातला मानून पाहा.

प्रश्न: तलाव ९० टक्के श्रिंक झाला, या वाक्यात कोणतं अव्यय? माझ्या आणि सहकाऱ्याच्या अनुवादात आकडेच उलटे झाले.

उत्तर: मराठीत ‘९० टक्क्यांनी’ आणि ‘९० टक्क्यांवर’ यात जो फरक आहे तोच अरबीत ‘बिनिस्बत’ आणि ‘इला’ यांत आहे. पहिल्यात किती गेलं ते कळतं, दुसऱ्यात किती उरलं. इंग्रजीत हा सगळा भार दोन अक्षरी ‘बाय’ आणि ‘टू’वर असतो आणि घाईत तोच निसटतो.

अरल समुद्राचं, म्हणजे मध्य आशियातल्या खाऱ्या सरोवराचं उदाहरण घ्या. १९६०च्या सुमारास त्याचं क्षेत्रफळ साधारण ६८,००० चौरस किलोमीटर होतं. कापसाच्या सिंचनासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं गेलं आणि २००७पर्यंत समुद्र मूळच्या सुमारे १० टक्क्यांवर आला. अरबीत: ‘तक़ल्लस बह्र आराल इला नह्व १० फ़िल्-मिआ मिन मिसाहतिहिल्-अस्लिय्या’. हीच गोष्ट उलट बाजूने सांगायची तर ‘बिनिस्बत ९० फ़िल्-मिआ’. ‘नह्व’ म्हणजे सुमारे, तो गाळू नका. ‘मिसाहा’ म्हणजे क्षेत्रफळ, तोही गाळू नका, कारण क्षेत्रफळ आणि पाण्याचं आकारमान एकाच प्रमाणात घटत नाही. टक्क्यांऐवजी मोजमाप असेल, जसं ३ सेंटिमीटरने, तर ‘बिमिक़्दार’.

जाता जाता लिंगाचं पाहून घ्या. ‘बह्र’ पुल्लिंगी म्हणून ‘तक़ल्लस’. ‘बुहैरा’ म्हणजे तलाव स्त्रीलिंगी म्हणून ‘तक़ल्लसत’. निर्जीव वस्तूंचं अनेकवचन अरबीत स्त्रीलिंगी एकवचनासारखं चालतं, तेव्हा कपडे आटले हे ‘इन्कमशत अल्-मलाबिस’. गंमत म्हणजे हा ‘बुहैरा’ स्वतःच ‘बह्र’चं छोटं रूप आहे. अशा रूपाला व्याकरणात ‘तस्ग़ीर’ म्हणतात. हसनचा हुसैन होतो तोही याच साच्यात, आणि किताबची पुस्तिका झाली की ‘कुतय्यिब’. संगणकाच्या पडद्यावर चित्र लहान करण्यालाही ‘तस्ग़ीर’च म्हणतात. फाइल दाबून लहान करणं मात्र ‘द़ग़्त’, म्हणजे दाब. तिथे ‘तस्ग़ीर’ लिहिलं तर वाचक चित्राची लांबी-रुंदी कमी होईल असं समजेल.

प्रश्न: अर्थविषयक अरबी बातम्यांत ‘इन्किमाश’ कधी मंदी वाटतो, कधी किमती घसरणं. नेमकं काय धरायचं?

उत्तर: दोन्ही. हा शब्द खरोखरच दोन कामं करतो आणि अरबी वाचकालाही संदर्भ पाहावा लागतो. ‘इन्किमाश’ला जोडून कोणतं नाम आलंय ते आधी बघा. ‘इन्किमाश अल्-इक़्तिसाद’ किंवा ‘इन्किमाश अन्-नातिज अल्-महल्ली’ असेल तर उत्पादन घटलंय, अर्थव्यवस्था आकसली आहे. ‘इन्किमाश’ एकटाच ‘तद़ख़्ख़ुम’च्या विरोधात उभा असेल तर किमतींची सर्वसाधारण पातळी खाली येतेय, म्हणजे आपली चलनघट. ‘तद़ख़्ख़ुम’चा शब्दशः अर्थ फुगणं, तेव्हा ही जोडी फुगणं आणि आकसणं अशी छान जमते, पण अनुवादकाची झोप उडवते.

‘सियासा इन्किमाशिय्या’ हा तिसरा प्रकार: व्याजदर वाढवून किंवा खर्च आवरून मागणी कमी करणारं धोरण. धोरणाचा हेतू बहुतेकदा महागाई रोखणं हाच असतो, म्हणून इथे ‘चलनघटीचं धोरण’ असं मराठी केलं तर अर्थ वाकडा होतो. ‘आकुंचनात्मक’ लिहावं. मंदीला स्वतंत्र शब्द आहेत. ‘रुकूद’ म्हणजे साचलेपण, साधी मंदी. ‘कसाद’ म्हणजे माल न खपणं, मोठी मंदी. १९२९नंतरची महामंदी अरबीत ‘अल्-कसाद अल्-कबीर’ आहे. तिथे ‘इन्किमाश’ नको.

प्रश्न: रुग्णाचे कागद भाषांतरित करतो. गाठ, हृदय, गर्भाशय, हाताचे स्नायू, सगळीकडे इंग्रजीत आकसण्याचेच शब्द. अरबी कसं वेगळं करू?

उत्तर: एकच प्रश्न विचारा: हे परत सैल होणार आहे का?

होणार असेल तर ‘इन्क़िबाद़’ किंवा ‘तक़ल्लुस’. हृदयाच्या ठोक्यात ‘इन्क़िबाद़’ आणि ‘इन्बिसात’ अशी जोडी आहे, आकुंचन आणि प्रसरण. ‘क़ब्द़’ म्हणजे मुठीत धरणं. आपला कब्जा आठवा आणि हृदयाची मूठ वळताना डोळ्यांसमोर आणा, शब्द विसरणार नाही. प्रसूतीच्या कळांना ‘इन्क़िबाद़ात’ किंवा ‘तक़ल्लुसात’ दोन्ही चालतात. एका कागदात एकच ठेवा. पेटका असेल तर ‘तशन्नुज’.

सैल होणार नसेल, पेशीच रोडावल्या असतील, तर ‘द़ुमूर’. स्नायुशोष म्हणजे ‘द़ुमूर अल्-अद़लात’. प्लास्टरमधून काढलेला हात बारीक दिसतो तो द़ुमूर, इन्क़िबाद़ नव्हे. इथे गल्लत झाली तर वाचणाऱ्या डॉक्टरला वाटेल की स्नायू आवळलेला आहे आणि तो सैल करायचा आहे, जेव्हा खरी गरज ताकद परत आणण्याची असते. उपचाराने गाठ लहान झाली ही चांगली बातमी. तिला ‘तक़ल्लस अल्-वरम’ लिहा, आणि मिलिमीटरचे आकडे मूळ कागदात आहेत तसेच ठेवा. ‘इन्क़बद़’चा एक अर्थ मन खिन्न होणं असाही आहे, तेव्हा रुग्णाच्या तक्रारीत ‘छातीत’ हा शब्द सोडून तो एकटा ठेवू नका.

प्रश्न: ‘ही डिड नॉट श्रिंक फ्रॉम ड्यूटी’ यात आकार कुठे आहे?

उत्तर: कुठेच नाही. इथे कर्तव्यापासून मागे न हटणं, कच न खाणं असा अर्थ. अरबीत ‘लम युह्जिम अन् वाजिबिही’. मूळ क्रियापद ‘अह्जम’, आणि त्याच्यामागे ‘अन्’ म्हणजे ‘पासून’ यायलाच हवा. याच तीन अक्षरांचा ‘हज्म’ म्हणजे आकारमान, म्हणून हा आकाराचा शब्द असावा असा भास होतो. वापरात त्यांचा संबंध नाही.

भीतीने अंग चोरून बसलेल्या माणसाला मात्र ‘इन्कमश’ बसतो: ‘इन्कमश अला नफ़्सिही’, स्वतःत आकसून गेला. बोलायला कचरला हे ‘अह्जम अनिल्-कलाम’. भीती, संकोच आणि किळस यांतलं काय आहे ते ‘श्रिंक’ सांगत नाही. किळस असेल तर ‘नफ़र मिन्’ घ्यावं लागेल.

प्रश्न: एका कादंबरीत पात्र दर गुरुवारी आपल्या ‘श्रिंक’कडे जातं. आकसणाऱ्याकडे?

उत्तर: मनोविकारतज्ज्ञाकडे. अमेरिकी बोलीत ‘हेडश्रिंकर’चं हे आखूड रूप आहे. इक्वेडोर आणि पेरूमधल्या शुआर लोकांच्या आकसवलेल्या मुंडक्यांवरून ती थट्टा निघाली. अरबीत ‘तबीब नफ़्सी’. थट्टेचा सूर जाईल, तो पात्राच्या पुढच्या वाक्यात भरून काढा.

प्रश्न: इंग्रजी भूतकाळ ‘श्रँक’ की ‘श्रंक’?

उत्तर: श्रिंक, श्रँक, श्रंक असा क्रम. अमेरिकेत भूतकाळातही ‘श्रंक’ सर्रास चालतो. ‘श्रंकन’ हे बहुतेकदा नामाआधी येणारं विशेषण, जसं सुकून लहान झालेलं फळ. अरबीत त्या जागी ‘मुन्कमिश’, आणि कातडी सुरकुतली असेल तर ‘मुतजअ्इद’.

प्रश्न: पाकिटातला माल कमी आणि किंमत तीच, या युक्तीला अरबीत काय म्हणतात? आणि दुकानाच्या हिशेबातलं ‘श्रिंकेज’?

उत्तर: वृत्तपत्रांत ‘अत्-तद़ख़्ख़ुम अल्-इन्किमाशी’ हा शब्द दिसतो. वरचं अर्थव्यवस्थेचं उत्तर वाचलं असेल तर त्यातली अडचण लक्षात येईल: इन्किमाशचा दुसरा अर्थ चलनघट असल्याने हा शब्द ‘घसरत्या किमतींची महागाई’ असा ऐकू येतो. मथळ्यात ठेवा, पण पहिल्याच वाक्यात उलगडून सांगा: ‘तक़्लीस हज्म अल्-उबुव्वा मअ सबात अस्-सिअ्र’, पाकिटाचा आकार कमी, किंमत स्थिर. आकडे देताना टक्के तपासा. १०० ग्रॅमचं पाकीट ९० ग्रॅमचं झालं तर माल १० टक्क्यांनी घटला, पण एका ग्रॅमची किंमत ११.१ टक्क्यांनी वाढली. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कुठला कशाचा ते वाक्यात स्पष्ट हवं.

दुकानाच्या हिशेबातलं ‘श्रिंकेज’ म्हणजे वहीत असलेला पण फळीवर नसलेला माल: चोरी, मोडतोड, मोजणीतली चूक. मराठीत तूट. अरबीत ‘नक़्स अल्-मख़्ज़ून’ लिहिलं की हिशेबनीसाला लगेच कळतं. तिथे ‘इन्किमाश’ लिहिलात तर गोदामातले कपडे ओले झाले की काय, असा उलटा प्रश्न येऊ शकतो.